उशीखालचा नाश्ता

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवला आणि रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तुझ्या वॉर्डातल्या त्या आजींनी सकाळी इन्सुलिन घेतलं, नाश्ता उशीखाली सारला आणि अकराच्या सुमारास साखर 58 वर आली. ‘पेशंट ऐकतच नाहीत,’ म्हणालास. बाळा, रोजा आहे का, हे त्यांना कुणी विचारलं होतं का?

ओरडा बसेल म्हणून माणसं लपवतात. आधी कळलं असतं तर डॉक्टरांनी डोस सहरी-इफ्तारच्या, म्हणजे पहाटेच्या आणि संध्याकाळच्या खाण्याच्या, वेळेला बसवला असता, नाहीतर यंदा रोजे नकोत म्हणून समजावलं असतं. आजाऱ्याला रोज्यातून सूट कुराणातच आहे, पण ती तू ऐकवू नकोस. त्यांच्या लेकाला किंवा मौलवींना बोलू दे. साखर 70 च्या खाली गेली की रोजा सोडायचा, एवढं मात्र त्यांच्याशी आधीच ठरवून ठेव.

मी हे शिकले ते चुकून. आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळ्याची बायको आमच्या आरोग्य केंद्रात बाळंतपणाला आली होती. गळ्यात बारीक लाल मण्यांच्या सरी. कळा जोरात होत्या, मी घाईत होते. न विचारता कात्री लावली. मणी टेबलाखाली घरंगळले आणि ती बाई कळ विसरून फरशीकडे बघत रडायला लागली. ते तिचं सौभाग्यलेणं होतं, आपल्या मंगळसूत्रासारखं. कापायची गरजही नव्हती रे. बाळंतपण उरकल्यावर मी गुडघ्यावर बसून मणी वेचले, गॉजमध्ये बांधून तिच्या मुठीत दिले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आजही लाल मणी दिसले की माझा हात थबकतो.

बायकांच्या वॉर्डात तू ब्रदर म्हणून जातोस, तेव्हा आधी पडदा ओढ, हात लावू का म्हणून विचार, ती संकोचली तर सिस्टरला हाक मार. आणि रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपारिन डुकराच्या आतड्यापासून करतात, हे ठाऊक असू दे. मुसलमान किंवा जैन पेशंटने विचारलं तर खरं सांग, डॉक्टरांच्याही कानावर घाल.

आज आजींजवळ पाच मिनिटं बस. उद्याची साखर किती आली ते कळव.

तुझी,
आई