हायजिया उल्का नाही, अन् तलावही त्यांचा नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या पुरवणीतला हायजिया या लघुग्रहावरचा लेख वाचला. चांगला आहे असंच कळवणार होतो, पण दुसऱ्याच ओळीत 'ही उल्का' लिहिलंय. साहेब, आम्ही बुलढाणा जिल्ह्यातले, लोणारला काय पडलं अन् त्यानं केवढा खड्डा केला हे इथलं चौथीतलं पोट्टं सांगते. जमिनीवर पडली ती अशनी, पडता पडता चमकली ती उल्का, अन् हायजिया तर मंगळ-गुरूच्या मधल्या पट्ट्यात, तेही बाहेरच्या अंगानं, साडेपाच वर्षांत सूर्याला एक चक्कर मारून राहिली निवांत. चारशेच्या वर किलोमीटरचा गोटा आहे तो, पडला असता तर तुमचा पेपर वाचायला कोण राहिलं असतं?

वरून सल्ला काय, तर 'नुसत्या डोळ्यांनी पाहा'. आमच्याकडे शेतीपंपाची लाईन रात्रीचीच, काल दोनला आली. हरभऱ्याला पाणी द्यायचंच होतं म्हणून नातवाला सोबत वावरात नेलं, बिचारा धुऱ्यावर मान दुखेपर्यंत वर पाहत बसला. शेवटी त्यानंच मोबाईलवर शोधून सांगितलं, "आबा, हिला दुर्बीण लागते, नुसत्या डोळ्यांनी दिसलाच तर कधीमधी वेस्टा नावाचा दुसरा लघुग्रह दिसते." पोराची झोप गेली ती गेलीच.

पण खरा राग नावाचा आहे. 1849 मध्ये इटलीतल्या नेपल्सला द गास्पारिस या खगोलशास्त्रज्ञानं ही शोधली तेव्हा हायजिया या ग्रीक आरोग्यदेवीच्या नावामागं तिथल्या राजघराण्याचं 'बोर्बोनिका' हे शेपूट लावलं होतं, ते तुमच्या लेखकानं मोठ्या कौतुकानं लिहिलं. शेपूट पुढं गळून पडलं अन् नुसती हायजिया उरली, हे काहून नाही लिहिलं? आता तर नियमच आहे, लघुग्रहाला राजकारण्याचं नाव द्यायचं तर माणूस मेल्यावर 100 वर्षं थांबायचं. खालच्या तलावाला असा नियम नाही ना बापा!

आमच्या गावचा पाझर तलाव 72 च्या दुष्काळी कामातला. माझ्या आजीची दीड एकर त्यात गेली, अन् त्याच कामावर बुढीनं डोक्यावर घमेली वाहिली. तेव्हापासून सारा गाव त्याला बुढीचा तलाव म्हणते. दोन वर्षांमागं गाळ काढला अन् पाळीवर निळा बोर्ड लागला, त्यावर एका हयात पुढाऱ्याचं नाव, खाली 'शुभहस्ते' वाल्यांची अकरा नावं, बुढीचं नाव कुठंच नाही. विचारायला गेलो तर म्हणे कागदावर तसा उल्लेख नाही. कागदावर दीड एकर घेतल्याचा उल्लेख बरोबर सापडते! असो. बकऱ्या अंग घासून घासून बोर्डाचा एक पाय वाकला आहे, गुराखी आजही ढोरं बुढीच्या तलावावरच नेतात.

तर कृपा करून उल्केची अन् डोळ्यांची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकारात छापा, शेवटच्या पानावर कोपऱ्यात नको. अन् हो, पेपर आमच्या फाट्यावर दुपारी दोनला पोचते, त्यातून पुरवणी गायब. पैसे मात्र पुरवणीसकट घेता. कालची पुरवणी मी सलूनमध्ये वाचली.

आपला,
एक कास्तकार वाचक,
ता. मेहकर, जि. बुलढाणा