घरखर्चाचा तक्ता छापताना आठवडी पगाराचा रकाना ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही आठवड्यात तुमच्या पुरवणीत घरचं बजेट कसं करायचं यावर दोनतीनदा आलं, मी ती पानं कापून ठेवलीत आणि नीट बसून वाचलीत पण. सगळ्यात सुरुवात एकच, एक तारखेला पगार जमा झाला की त्याचे तीन भाग करा, 50 टक्के गरजेला, 30 टक्के हौसेला आणि 20 टक्के बचतीला. मला एवढंच विचारायचंय की आमच्या कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, नाहीतर उद्यमनगरच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या घरात, एक तारखेला पगार होतो कुणाचा? आमच्या मिस्टरांचा पगार आठवड्याला होतो, मशीन शॉपमध्ये आहेत, खाडा पडला नाही तर 6,000 हातात येतात. मी घरात ब्लाऊज-ड्रेस शिवते, त्याचे लग्नसराईत आणि दिवाळीच्या तोंडाला महिन्याला 14,000 पण होतात आणि पावसाळ्यात 7,000 च्या वर काय जात नाहीत. माहेरी दुधाचं बिल दहा दिवसानं, आणि उसाचं बिल म्हणाल तर 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 14 दिवसात द्यायचं म्हणून लिहिलंय पण त्या भरवशावर गावात कुणी पोरांची फी ठरवत नाही. अशा घरांनी टक्के काढायचे कशाचे?

मी वही लिहायला लागले जुलै 2023 पासनं. त्याच्या आधीच्या जूनमध्ये दोन्ही पोरांची फी, विम्याचा हप्ता आणि घरफाळा सगळं एकदमच आलं आणि मला माझं गंठण एका पतसंस्थेत गहाण ठेवावं लागलं. सोडवून आणायला पाच महिने लागले. त्या दिवसात मला सारखं एकच टोचत होतं, की यातला एक पण खर्च अचानक आलेला नव्हता, जून दरवर्षी येतो, फी दरवर्षी असते, मग आपल्याला माहीत असून आपण मोकळ्या हातानं कसं काय गेलो.

माझे सासरे गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. ते असताना घरात पण कीर्द लिहायचे, रात्री जेवण झाल्यावर कालची शिल्लक, आजची जमा, आजचा खर्च, आणि मग पाकिटातली आणि डब्यातली रोकड मोजून मेळ बघायचे. मेळ बसला नाही तर शोधत बसायचे नाहीत, "फरक 35" असं लिहायचे आणि झोपायचे. ते गेल्यावर वही माळ्यावर गेली. मी तीच पद्धत परत धरली, आणि सगळ्यांना सांगते की जमलं तर हेच करा, कारण नुसता खर्च लिहीत गेलं तर विसरलेलं कधीच कळत नाही, रोकड मोजली की ते लगेच कळतं. पहिल्या महिन्यात माझा फरक सगळा मिळून 1,900 वर गेला होता, तिसऱ्या महिन्यात दोनशेच्या आत आला.

आता लोक म्हणतात की सगळं मोबाईलवर आहे, युपीआयमध्ये सगळी नोंद असते, वही कशाला. मी पण हेच म्हणायचे. पण ती हिस्ट्री काढून बघा, त्यात माणसाचं नाव असतं, वस्तूचं नसतं. कपिलतीर्थ मंडईत ज्या मावशींकडं मी भाजी घेते त्यांचा क्यूआर त्यांच्या पोराच्या नावावर आहे, महिन्याच्या शेवटी ते नाव सतरा वेळा दिसतं आणि त्यातलं भाजीचं किती, लिंबू-कोथिंबिरीचं किती, आणि एक दिवस सुट्टे पाहिजेत म्हणून मी त्यांना 500 पाठवून रोख घेतले ते कुठलं, काय कळत नाही. शिवाय नोट मोडताना हात जरा थांबतो, स्कॅन करताना थांबत नाही हे मी स्वतःवरनं सांगते. म्हणून मी मोबाईलवरचं पण त्याच रात्री वहीत उतरवते, शेजारी "मो" असं लिहून.

आणि बजेट लगेच करायला जाऊ नये. तीन महिने नुसतं लिहायचं, कुणाला काही बोलायचं नाही, कुठं काटायचं पण नाही. एकाच महिन्यावर गेलात तर चुकता, कारण आषाढात टेंबलाई देवीला पाणी वाहायला गेल्यावर पाहुणे येणार, मटण होणार, आणि पुढं श्रावणात तोच खर्च निम्मा होणार. सरकारचं घरगुती खर्चाचं सर्वेक्षण होतं त्यात पण आता एका घरात तीन महिन्यात तीनदा जातात, आणि भाजी, फळं, तेल, मटण-अंडी याचं मागच्या सात दिवसांचं विचारतात, धान्याचं 30 दिवसांचं, आणि कपडे-चपला, शिक्षण, दवाखान्यात ॲडमिट झाल्याचा खर्च हे 365 दिवसांचं. मला हे वाचून फार बरं वाटलं. माणसाला भाजी आठवड्याची आठवते आणि फी वर्षाची, आपल्या वहीला पण मग तसेच वेगळे भाग पाहिजेत. त्याच सर्वेक्षणात 2023-24 ला देशात शहरी भागात माणशी महिन्याला 6,996 रुपये खर्च आला आणि त्यात खाण्याचा वाटा 40 टक्क्यांच्या जरा आत. आमचा सासूबाईंना धरून पाच जणांचा हिशोब माणशी 6,500 निघाला आणि त्यात खाण्याचा वाटा जवळजवळ 47 टक्के. मटण आणि दूध, दुसरं काय. 2019 ला मटणाच्या दरावरनं आपल्या कोल्हापुरात आंदोलन झालं होतं, दर आपल्याला पाठ असतो, पण महिन्याला घरात किती किलो येतं हे मला तरी वही लिहीपर्यंत सांगता आलं नसतं.

एक रकाना मात्र कुणी ठेवू नये, तो म्हणजे "किरकोळ". लग्नसराईतल्या एका महिन्यात माझं किरकोळ 3,400 होतं. ते फोडून लिहिलं तर त्यात मिस्टरांचं चहा-वडा, रिचार्ज, पोरांची स्टेशनरी, आणि आहेर निघाला. आहेर! त्या महिन्यात सहा लग्नं झाली होती, आणि आहेर चुकवून चालत नाही हे तुम्हाला पण माहीत आहे, तो खर्चच आहे, त्याला नाव द्यायला पाहिजे.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. वर्षातनं एकदा नाहीतर दोनदा येणारे खर्च मी एका पानावर मांडले. दोघांची फी आणि पुस्तकं 38,000, विम्याचे हप्ते 14,500, घरफाळा 4,200, दोन गाड्यांचा विमा 3,000, गणपती-दिवाळी 16,000, टेंबलाई आणि जोतिबाची चैत्र यात्रा 6,000, आहेर 8,000, आणि पुराचे 6,300. हो, पुराचे. 2019 ला आणि 2021 ला पाणी आमच्या घरात होतं, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट झालं की इशारा आणि 43 ला धोका, पण आम्ही 39 लाच सामान हलवायला घेतो, टेम्पो, हमाल, पाहुण्यांकडं राहायचं, परत आल्यावर औषध-फिनेल. पुराचा रकाना कुठल्याच तयार तक्त्यात नसतो, नदीकडच्या गल्ल्यांना तो पाहिजे. सगळं मिळून 96,000 झालं, म्हणजे महिन्याला 8,000 जे आमच्या डोक्यात कधी खर्च म्हणून नव्हतेच.

एवढे आणायचे कुठनं? तर ते आठवड्याच्या पगारातच होते. वर्षात 52 आठवडे, महिन्याला चार पगार धरले तर 48 होतात, चार पगार जास्तीचे राहतात. ज्या महिन्यात पाच पगार होतात त्या महिन्यात आमच्यात हात सैल सुटायचा, पाचवा पगार कुठं जायचा ते कळायचंच नाही. आता ठरवून टाकलंय, महिन्याचं बजेट चार पगारांवर आणि माझ्या सगळ्यात कमी महिन्याच्या शिलाईवर, म्हणजे 24,000 आणि 7,000 मिळून 31,000 वर. रोजचा खर्च 24,500 मध्ये बसवला, राहिलेले 6,500 वर्षाच्या खर्चाला, त्याचे वर्षाला 78,000, आणि चार पाचवे पगार म्हणजे 24,000, एकूण 1,02,000. फी निघते, पूर निघतो. खाडे पडले तर दिवाळीच्या शिलाईतनं भरून काढायचं. हे पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवते आणि त्या खात्याला युपीआय जोडलेलंच नाही. भिशीत किंवा पतसंस्थेत ठेवत नाही, कारण बँकेत, मग ती सहकारी असली तरी, 5 लाखांपर्यंत ठेव विमा असतो, पतसंस्थेला तो नाही, हे पुष्कळ बायकांना ठाऊक नसतं.

आणखी एक, वही एकट्या बाईच्या गळ्यात घालू नका. आमच्यात पहिले दोन महिने मी विचारायचे आणि मिस्टर चिडायचे, गंगावेशीत मित्रांबरोबर दूध प्यायलेलं पण सांगायचं काय म्हणून. तेव्हा मी त्यांच्या खर्चाला आठवड्याला 400 ठरवून दिले, त्याचा हिशोब मी मागत नाही. त्यानंतर रोकड मोजायला तेच बसतात. थोरली नववीत आहे, बेरीज ती करते.

तर संपादकसाहेब, तुम्हाला विनंती अशी की पुढच्या वेळी बजेटवर छापाल तेव्हा एक पान कोरं तक्त्याचं द्या, ज्यात एक तारीख गृहीत धरलेली नसेल. आठवड्याचे पाच रकाने, दहा दिवसाच्या बिलाचे तीन, खाली वर्षाच्या खर्चाच्या ओळी आणि त्यात आहेर आणि पूर छापलेलेच असू देत. मे महिन्यात दिलंत तर जूनच्या फीच्या आधी लोकांच्या हातात पडेल. आमच्या गल्लीपुरत्या झेरॉक्स मी काढून वाटीन.

आपली,
एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर