कॅमेरा विका, पण आतला रोल काढून घ्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नाशकात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात जुन्या सामानात मला एक आग्फा क्लिक थ्री मिळाला. हा कॅमेरा एकेकाळी बडोद्यात बनायचा, मध्यमवर्गीय घरात कॅमेरा म्हटलं की बऱ्याचदा हाच असायचा. विकणाऱ्या भाऊंनी मागचं झाकण उघडून दाखवतो म्हटलं, तर मी हात धरून थांबवलं, कारण मागच्या लाल काचेत ९ चा आकडा दिसत होता, म्हणजे आत रोल होता आणि उजेड लागला की तो जातो. या कॅमेऱ्यात १२० चा रोल बसतो आणि त्यावर १२ फोटो येतात, म्हणजे नऊपर्यंत येऊन कोणीतरी कॅमेरा ठेवून दिला आणि मग तो तसाच घराबाहेर गेला!

घरी येऊन चावी फिरवत रोल शेवटपर्यंत गुंडाळून घेतला. ओर्वोचा एनपी २२, पूर्व जर्मनीचा ब्लॅक अँड व्हाइट. एका लॅबमध्ये विचारलं तर फेकून द्या म्हणाले, यात आता काय निघणार. पण मेनरोडला एक जुने फोटोग्राफर काका आहेत, त्यांनी माळ्यावरून फिल्म धुवायची टाकी काढली, डेव्हलपर नि हायपो ही धुण्याची रसायनं तयार केली, आणि पूर्ण अंधारात नुसत्या बोटांच्या अंदाजाने ती कडक झालेली फिल्म रीळवर चढवली, इतकी वर्षं गुंडाळलेली फिल्म सरळ व्हायलाच तयार नव्हती, दोनदा निसटली तरी काकांनी घाई केली नाही. ब्लॅक अँड व्हाइट रोलचं हे फार मोठं आहे, फोटो काढताना चांदीच्या क्षाराच्या कणांवर जो ठसा उमटतो तो फिका होत जातो पण कित्येक वर्षांनीही पूर्ण पुसला जातोच असं नाही.

पाच फोटो ओळखू येतात. मागच्या कागदावरचे आकडे फिल्मवर उतरलेत, त्यामुळे एका फोटोत आकाशात चक्क ४ दिसतो. एकात वाड्याचा ओटा, नक्षीचे लाकडी खांब, नऊवारीतल्या एक आजी सुपात तांदूळ निवडतायत आणि खांबाआडून एक पोरगा बघतोय. आणि दोन फोटो पुराचे. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेच्या वर पाणी आणि काठावर माणसांची ही गर्दी. नाशिकमध्ये पूर मारुतीवरूनच मोजतात हे बाहेरच्यांना सांगावं लागेल, इथल्यांना नाही. साल कुठलं ते जाणकारांनी सांगावं. ओर्वो हे नाव १९६४ पासूनचं, त्यामुळे त्याच्या आधीचे हे फोटो नाहीत एवढं नक्की. आजींना किंवा त्या वाड्याला कोणी ओळखत असेल तर आपल्या पेपरमार्फत कळवा, कॅमेरा आणि निगेटिव्ह दोन्ही मी त्यांना देईन, पैसे नकोत.

पण मला बोलायचंय ते पुढचं. जुन्या नाशकातले वाडे दर पावसाळ्यात पडतायत नाहीतर बिल्डरकडे जातायत, घर रिकामं करताना भांडी वाटली जातात आणि फोटोंची पेटी रद्दीत जाते. निगेटिव्ह तर कोणालाच नको असतात. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून जुने एक्स-रे भंगारात घेतात, त्यातच निगेटिव्ह पण जातात. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, नाशकात राहून त्यांनी सिनेमे काढले, आपण त्यांच्या नावाने स्मारक बांधलं, आणि त्यांचे बहुतेक मूकपट आज पूर्ण बघायला मिळत नाहीत, का तर तेव्हा कोणी जपून ठेवले नाहीत. सिनेमासाठी निदान पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, घरोघरच्या फोटोंसाठी कोण आहे?

म्हणून कळकळीची विनंती, जुना कॅमेरा विकायला काढलात तर आधी आत रोल आहे का बघा आणि झाकण उजेडात उघडू नका. ३५ एमएमचा, म्हणजे छोट्या डबीतला रोल लागणारा, असेल तर रिवाइंडची चावी हळूच फिरवा, ती ताठ लागली म्हणजे बहुतेक आत फिल्म आहे, मग खालचं बटण दाबून फिल्म पूर्ण मागे गुंडाळा आणि मगच उघडा. निगेटिव्ह प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, कागदी पाकिटात आणि कोरड्या जागी ठेवा, व्हिनेगरसारखा वास यायला लागला तर फिल्म खराब व्हायला लागली समजा आणि लगेच स्कॅन करा.

आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, शहराचं एवढं जुनं त्यांनी सांभाळलंय, त्यांनीच जर महिन्यातला एक दिवस ठेवला की लोकांनी निगेटिव्ह आणावेत, तिथेच स्कॅन व्हावेत, घर कुठलं, माणसं कोण हे लिहून घ्यावं आणि मूळ निगेटिव्ह ज्याचे त्याला परत द्यावेत, तर सिंहस्थाच्या आधीच गोदाघाटाचे कितीतरी जुने फोटो जमा होतील. वाचनालयाने आणि महापालिकेने मिळून यावर लवकर बसावं. त्या दिवशी स्कॅनिंगला मी येईन, काकाही हो म्हणालेत.

आपला,
एक वाचक, जुने नाशिक