साहित्यपेढीसाठी मदतीचे आवाहन

सस्नेह नमस्कार.

होमस्कूलिंग करणाऱ्या, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांसाठी मंडळाने चालवलेली, शिकवायचे साहित्य वापरायला देणारी साहित्यपेढी आपण सगळे ओळखताच. कपाट उघडले की आधी दिसतात ते सुतारकाकांनी केलेले संख्यादंड. दहा सेंटिमीटरपासून मीटरभरापर्यंत दहा दंड, लाल-निळ्या पट्ट्यांचे. हे साधन आखणाऱ्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंच्या मापात सूतभरही फरक नको म्हणून काकांनी पहिला संच स्वतःच बाद करून दुसरा केला, आणि रंगाचेही पैसे घेतले नाहीत. सूक्ष्मदर्शक आपल्या निवृत्त विज्ञानशिक्षिकांनी काचपट्ट्यांसकट दिला. पहिल्या दिवशी तो लावून दाखवायला त्या स्वतः आल्या होत्या. शिवणाऱ्या आज्यांनी प्रत्येक संचाला पिशवी शिवली आणि आतल्या वस्तूंची यादीही तिला टाचून दिली. म्हणून तर पेढी टिकली. या सगळ्यांचे ऋण मानावे तेवढे थोडेच.

आता अडचण. एकक-दशक-शतक शिकवायच्या सोनेरी मण्यांच्या संचात शंभर-शंभर मण्यांचे नऊच चौरस उरलेत. हजाराचा घन उलगडून दाखवायचा तर दहा लागतात! बोटाने गिरवायच्या खरखरीत अक्षरांवरची वाळू झिजली आहे. बोटाला वळण जाणवत नसेल तर ती अक्षरे नुसती बघायची. लॅमिनेटर बंद पडल्यापासून कार्डे भराभर फाटतात.

मागच्या आवाहनाला गटावर अंगठे भरपूर उठले, हात मात्र थोडेच पुढे आले. “फी वाचवतात, मग साहित्य घ्यायला काय होते?” हेही कानावर आले. वाईट वाटले. शिकवण्यासाठी अनेक घरांत एकाने नोकरी सोडलेली असते. शिवाय एकेक संच मुलाला काही महिनेच पुरतो, मूल पुढे जाते. प्रत्येक घराने तो विकत का घ्यावा?

वस्तूंइतकीच माणसांचीही गरज आहे. नवीन पालक घरात अख्खी शाळा मांडतात: तासिका, घंटा, सकाळपासून दुपारपर्यंत. लवकरच सगळे थकतात, आणि वर नातेवाईक विचारतात, “मग शाळेत कधी घालताय?” अशा वेळी कुणा अनुभवी आईने किंवा बाबाने फोनवर एवढेच सांगावे की समोर एकच मूल असताना दिवसभराचा वर्ग लागत नाही, दोन तासही पुष्कळ झाले, उरलेला वेळ त्याला खेळू द्या, वाचू द्या. तेवढ्यानेही धीर येतो. धाकटे रांगते असेल तर थोरल्याचा भागाकार पुढे सरकत नाही. आठवड्यातून तासभर धाकट्याला सांभाळणारे कुणी मिळाले तर ती मदत आम्हाला पैशाहून मोठी.

हवे आहे: मण्यांचे चौरस, खरखरीत अक्षरांचा संच, चालू लॅमिनेटर व त्याच्या पिशव्या, दोन पारड्यांचा तराजू, भिंगे, होकायंत्र, फिरत्या काट्यांचे घड्याळ, जाड कार्डशीट, पुठ्ठ्याच्या फायली. वापरलेले चालेल, मोडके नको (मागे मोडकेच फार आले). वस्तू शनिवारी संध्याकाळी ५ ते ७ कार्यालयात, महिनाअखेरपर्यंत. रोख किंवा मंडळाच्या नावे धनादेश, पावती लगेच. वेळ देणाऱ्यांनी वहीत नाव, वार व तास लिहावा.

आपली,
चिटणीस

ता. क. : मोठा कंपास आणि मापनपात्रे नेलेल्यांनी ती आधी परत आणावीत. कुणाकडे आहेत ते नोंदवहीत आहे, इथे लिहीत नाही.