शनिवारचा पिझ्झा: गुरुवारपर्यंत आकडा कळवा

सभासदहो,

शनिवारी रात्री 8 वाजता गच्चीवर पिझ्झा आहे. घरटी मोठी माणसं किती, 10 वर्षांखालची मुलं किती, हे गुरुवारी रात्री 9 पर्यंत इथेच लिहा. ‘आम्ही सगळे’ चालणार नाही, आकडाच हवा.

हिशोब असा: मोठ्यांना 3 तुकडे, मुलांना 2. समजा 24 मोठे आणि 12 मुलं आली, तर 96 तुकडे. 10 इंची मीडियमचे 6 तुकडे होतात, म्हणजे 16 पिझ्झे. ‘प्रत्येकाला एक छोटा’ ही सूचना दरवेळी येते. पण 7 इंचीचे दोन मिळून 10 इंचीच्या एकाएवढेही भरत नाहीत.

- जैन पिझ्झा हवा असेल तर आत्ताच सांगा. लसूण बहुधा सॉसमध्येच असते, वरचा कांदा बाजूला करून भागत नाही.
- नॉनव्हेजचे डबे वेगळ्या टेबलावर.
- बंद डबे एकावर एक रचून ठेवू नका, वाफेने तळ ओला पडतो. म्हणूनच ऑर्डर दोन खेपांत: 8 ला 10, साडेआठला 6. पहिली खेप आधी मुलांना.

शुक्रवारी सकाळी ऑर्डर जाईल. नंतर नाव वाढणार नाही.