सूचना : परसात, गच्चीवर तिरंदाजीचा सराव

सर्व धनुर्धर सभासद व पालकांना नमस्कार,

पावसामुळे मैदान शनिवारपर्यंत बंद आहे. बऱ्याच जणांनी विचारलं, "घरामागे सराव केला तर चालेल का?"

घरी धनुष्य ठेवणं हा गुन्हा नाही. पण निष्काळजीपणाने कुणाचा जीव धोक्यात आला, तर इजा झाली नसली तरी भारतीय न्याय संहितेचं कलम 125 लागू शकतं. पोलिसांचा शस्त्रबंदीचा आदेश असेल त्या दिवशी धनुष्य घेऊन बाहेर पडू नका.

- अंतर 5 मीटरच. जवळून मारूनही फॉर्म (उभं राहण्याची, दोरी ताणण्याची पद्धत) सुधारतो.
- लक्ष्यामागे पक्की, उंच भिंत हवी. कुंपण, पत्रा, झाडी चालणार नाही. वर सुटलेला रिकर्व्हचा (टोकं पुढे वळलेल्या धनुष्याचा) बाण शंभर मीटरच्या पलीकडे सहज जातो, म्हणजे शेजाऱ्यांच्या अंगणाच्याही पुढे.
- लक्ष्यामागे दार किंवा पायवाट नको.
- मुलांसोबत मोठं माणूस हवंच. बाण काढायला सगळ्यांनी एकदमच जायचं.
- बाण न लावता ताणलेली दोरी सोडू नका, धनुष्याचे लिंब (वरचा-खालचा वाकणारा भाग) तुटतात.

गच्चीवर सराव अजिबात नको, कितीही मोठी असली तरी. शेजाऱ्यांना आधी सांगा.

रविवारी सकाळी 7 वाजता मैदानावर भेटू. येताना आर्मगार्ड (दोरीचा फटका लागू नये म्हणून हाताला बांधायची पट्टी) आणा, दर वेळी कुणीतरी विसरतंच.

– सचिव