वॉटच्या माळ्यावर काय बघशील

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जाते आहेस, तर जेम्स वॉटच्या खोलीपाशी घाई करू नकोस. वाफेचं इंजिन शोधत गेलीस तर हिरमोड होईल. ती आहे एका हातकारागिराची खोली. ऐन उमेदीत इंजिनं करणारा माणूस म्हातारपणी तिथे पुतळ्यांच्या नकला काढत बसायचा.

वॉट २५ ऑगस्ट १८१९ ला तुमच्या बर्मिंगहॅमच्या हॅन्ड्सवर्थ भागात, हीथफिल्डच्या घरी वारला. माळ्यावरची ही खोली पुढे शतकभर जवळजवळ तशीच राहिली. १९२४ मध्ये म्युझियमने ती उचलली, आणि उचलली म्हणजे दार, खिडकी, जमिनीच्या फळ्यांसकट. आतल्या वस्तू ८,४३०. घर काही वर्षांतच पाडलं, त्यामुळे हॅन्ड्सवर्थमध्ये ते शोधत फिरू नकोस. कबर मात्र तिथल्याच सेंट मेरी चर्चमध्ये आहे. फळ्यांसकट कशाला, असं वाटेल. पण कानस कपाटात ठेवली तर नुसती कानस. पायाने चालवायचा लेथ खिडकीशी, हत्यारं हाताच्या टप्प्यात, पलीकडे शेगडी, असं जागच्या जागी दिसलं तरच माणूस उजेड कुठून घ्यायचा आणि हात कुठे टाकायचा ते कळतं.

खरा वेळ द्यायचा तो नकला काढायच्या दोन मशीनना. एक मूळ पुतळ्याएवढीच नक्कल काढतं, दुसरं लहान आकाराची. लहान करणाऱ्याचं तत्त्व असं: एक लांब दांडा एका टोकाला सांध्यावर फिरतो. दांड्यावर दूर एक बोथट टोक, ते मूळ पुतळ्यावरून फिरवायचं. अलीकडे गरगर फिरणारं कटर, ते कच्च्या तुकड्यावर चालतं. सांध्यापासून टोक ६०० मिमीवर आणि कटर ३०० मिमीवर धर, म्हणजे नक्कल निम्मी. मूळ पुतळा आणि कच्चा तुकडा दोन्ही एकाच वेळी तेवढ्याच अंशातून वळले पाहिजेत, नाहीतर नाक कानाकडे सरकेल.

बरेच जण चुकतात ते पुढच्या हिशोबात. निम्म्या नकलेला टोक ६ मिमी जाडीचं असेल तर कटर ३ मिमीचंच हवं. कटर झिजून २.६ वर आलं की सगळीकडे ०.२ मिमी माल जास्त राहतो आणि चेहरा सुजल्यासारखा दिसतो. कटर जाड असेल तर उलट, गाल खप्पड. म्हणूनच आधी ओबडधोबड काढताना मुद्दाम ८ मिमीचं टोक लावायचं, म्हणजे अर्धा मिमी माल शिल्लक राहतो. मग ६ चं लावून शेवटचा हात फिरवायचा. कानाच्या घडीत टोकच शिरलं नाही तर कटरही शिरत नाही, ती जागा भरीव राहते आणि हाताने कोरावी लागते.

दुसरा शत्रू म्हणजे सांध्यातला प्ले. सांध्यात अर्धा मिमी ढिलेपणा असला तर कटरवर पाव मिमी चूक पोचते. मोठ्या पुतळ्यात ती खपून जाते, पदकावरच्या चेहऱ्याची पापणी मात्र गायब होते. टोक जोरात दाबलं तरी तेच, दांडा वाकतो. हात हलका हवा, लेथवर पॉलिश पेपर धरताना ठेवतो तसा. त्या खोलीत जुन्या सँडपेपरचे तुकडेही सापडलेत, बरं का.

नकलांचा नाद त्याला जुनाच. पत्राची प्रत काढायच्या प्रेसचं पेटंट त्याने १७८० मध्ये घेतलं होतं. ताज्या शाईचं पत्र घ्यायचं, त्यावर ओलसर पातळ कागद ठेवून दाबायचं. अक्षरं त्यावर उलटी उठतात, पण कागद पातळ असल्याने मागच्या बाजूने सुलटी वाचता येतात. कागदाला खळ असेल तर तो शाई पीत नाही, फार ओला असेल तर अक्षर फुटतं, आणि शाई पुरती सुकली असेल तर प्रत फिकी येते.

खोलीत प्लास्टरचे साचेही पुष्कळ आहेत. एका साच्याचं लेझर स्कॅनिंग करून कॉम्प्युटरवर ओतीव मूर्ती उभी केली, तर निघाला खुद्द वॉटचाच चेहरा!

आणि एक ट्रंक आहे. ती त्याच्या ग्रेगरी नावाच्या मुलाची, आत शाळेतली पुस्तकं. ग्रेगरी १८०४ मध्ये क्षयाने गेला, २७ वर्षांचा. एवढ्याशा, हत्यारांनी खच्चून भरलेल्या खोलीत बापाने त्या ट्रंकेला जागा ठेवली होती.

काचेबाहेरूनच बघावं लागेल, तेव्हा समोरून फोटो काढलास तर सगळं नुसतं अडगळीसारखं दिसेल. बाजूला सरकून, वाकून, दांड्याच्या सांध्याचा फोटो घे. तो बसवलाय कसा आणि ढिला पडला तर आवळायची सोय कुठे आहे, तेवढं मला कळव.

तुझी,
आई